टुकीच्या ढोलीवर पाटी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. शब्द न् शब्द खरा.

आता यात पक्षी बोलतो, तेवढं सोडा.

शेवटी मोठी माणसं गप्प बसतात, तेही सोडा.

उरलेली सगळी खरी!

वाचणाऱ्यानं जांभई द्यायची नाही. ऐकणाऱ्यानं नाकात बोट घालायचं नाही. घातलंच, तर स्वतःच्याच नाकात घालायचं.

हं. बसलात सगळे? मग ऐका.

एक होतं शहर. त्याचं नाव हिरवेनगर.

तिथं सगळं हिरवं. बाकं हिरवी. कचऱ्याचे डबे हिरवे. कचऱ्याची गाडी हिरवी. साहेबांची टोपी हिरवी.

आणि झाडं? हो हो, झाडंही होती. चार-पाच होती.

ओला कचरा इकडे, सुका कचरा तिकडे. प्लॅस्टिकची पिशवी दिसली, की धावा, धरा, पकडा! कागदी कप बंद. रविवारी गाड्या बंद. रविवारी सगळ्यांनी सायकल चालवायची. ट्रिंग ट्रिंग! ज्याला येत नाही, त्यानं पडायचं. धप्प!

त्या शहरात एक बाग. बागेत एक पांगारा. पांगाऱ्याच्या खोडात, उंचावर, एक गोल ढोली.

ढोलीत राहायची टुकी.

टुकी कोण? टुकी तांबट. तांबट म्हणजे मुठीएवढा पक्षी. अंग हिरवं. कपाळ लाल. गळा पिवळा. आणि आवाज?

टुक टुक टुक! टुक टुक टुक!

जसं काही कुणी तांब्याचा हंडा ठोकतंय.

ढोली टुकीनं स्वतः कोरली. चोचीनं. टुक टुक टुक. मान दुखली. चोच दुखली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ढोलीत एक पिल्लू. एकच एक. अंगावर पीस नाही. तोंड मात्र हे एवढं मोठं! सारखं उघडं, सारखं भुकेलं. अगदी इथं बसलेल्या एकासारखं. कोण ते सांगायचं नाही.

रविवार आला. टुकी म्हणाली, "बाळा, बस हं. उंबर घेऊन येते."

भुर्रर्र! टुकी गेली.

तेवढ्यात आला केरबा माळी. खांद्यावर शिडी. हातात पत्र्याची पाटी. खिशात खिळा.

मोठ्या साहेबांचा हुकूम होता. 'पांगाऱ्यावर पाटी लाव. तिथं एक भोक आहे. ते बरं दिसत नाही. पाटीनं झाकून टाक.'

केरबा चढला. पाटी धरली. खिळा ठोकला.

ठक! ठक!

आतून आवाज आला. "चीं!"

केरबा म्हणाला, "खिळा कुरकुरतोय वाटतं."

आणि आणखी एक ठोका दिला. ठक!

झालं. केरबा उतरला. शिडी रंगाऱ्यानं नेली. केरबा गेला आपल्या कामाला.

टुकी परत आली. चोचीत लाल लाल, गोल गोल उंबर.

बघते तर काय? ढोली नाही!

इकडे बघितलं. तिकडे बघितलं. ढोलीच्या जागी पत्रा. पत्र्यामागून आवाज.

चीं चीं चीं चीं चीं चीं चीं!

टुकीनं चोच मारली. टण! पुन्हा मारली. टण टण! लाकूड असतं, तर फोडलं असतं. पत्र्यापुढे चोच काय करणार?

पाटीवर मोठी मोठी अक्षरं होती. 'पक्षी वाचवा.'

टुकीला वाचता येत नव्हतं. तेच बरं झालं.

ऊन वर चढत होतं. पत्रा तापत होता.

टुकी उडाली. भुर्रर्र!

केरबा माळी गवताला पाणी घालत होता. गवत खोटं होतं. पाणी खरं होतं.

टुकीनं उंबर खाली ठेवलं. चोचीत उंबर धरून बोलता येतं का? करून बघा.

टुक टुक टुक!

"केरबादादा, केरबादादा!"

"काय गं टुके, काय झालं?"

"ढोलीत पिल्लू,
ढोलीवर पाटी,
पाटीला खिळा.
पिल्लू माझं भुकेलं, दादा, पिल्लू माझं भुकेलं!

खिळा उपटून दे ना!"

केरबानं छातीवर हात ठेवला.

"पक्ष्यांवर माझा भारी जीव! माझी ना नाही. पण आधी शिडी हवी. शिडी रंगाऱ्याकडे. त्यानं शिडी सोडली, की मी खिळा उपटला!"

आणि केरबा पुन्हा पाणी घालायला लागला. सूं सूं सूं.

थोडं पाणी उंबरावर उडालं. टुकीनं ओलं उंबर उचललं.

मागून आवाज आला. चीं चीं चीं चीं चीं चीं.

भुर्रर्र!

रंगारी शिडीवर उभा होता. त्याचं नाव गुलाबमामा. हातात कुंचला. नाकावर हिरवा ठिपका. भिंतीवर तो झाड काढत होता. हे एवढं मोठं झाड!

त्या भिंतीपुढे एक खरं झाड होतं. ते कापलं. का? भिंत दिसत नव्हती. मग भिंत उघडी उघडी वाटायला लागली. म्हणून आता भिंतीवर झाड.

मोठी माणसं हुशार असतात बरं का!

टुकीनं उंबर खाली ठेवलं. टुक टुक टुक!

"गुलाबमामा, गुलाबमामा!"

"काय गं टुके, काय झालं?"

"ढोलीत पिल्लू,
ढोलीवर पाटी,
पाटीला खिळा.
केरबा खिळा उपटेना.
पिल्लू माझं भुकेलं, मामा, पिल्लू माझं भुकेलं!

शिडी सोड ना!"

गुलाबमामानं छातीवर हात ठेवला. सदऱ्यावर हिरवा पंजा उठला.

"पक्ष्यांवर माझा भारी जीव! हे बघ, भिंतीवर सात काढलेत. किती शहाणे! भूक लागत नाही. ओरडत नाहीत. माझी ना नाही. पण आधी चहा हवा. पहाटेपासून घसा कोरडा. मावशीनं चहा ओतला, की मी शिडी सोडली!"

आणि गुलाबमामा आठवा पक्षी काढायला लागला. फस् फस् फस्.

रंगाचा थेंब उंबरावर पडला. टप्प! उंबर एका बाजूनं हिरवं झालं. टुकीनं ते पुसलं आणि उचललं.

मागून आवाज आला. चीं चीं चीं चीं चीं.

भुर्रर्र!

हौसामावशीच्या टपरीवर चहा उकळत होता. रट रट रट. आल्याचा वास. वेलचीचा वास. गिऱ्हाईक एक नाही.

टुकीनं उंबर खाली ठेवलं. टुक टुक टुक!

"हौसामावशी, हौसामावशी!"

"काय गं टुके, काय झालं?"

"ढोलीत पिल्लू,
ढोलीवर पाटी,
पाटीला खिळा.
केरबा खिळा उपटेना,
रंगारी शिडी सोडेना.
पिल्लू माझं भुकेलं, मावशी, पिल्लू माझं भुकेलं!

चहा ओत ना!"

मावशीनं छातीवर हात ठेवला. त्याच हातात चहाची पळी होती. चटका बसला. हाय हाय!

"पक्ष्यांवर माझा भारी जीव! माझी ना नाही. पण ओतू कशात? तुझ्या चोचीत? कागदी कप बंद झाले. काचेचे बारा पेले होते. बाराच्या बारा नेले त्या हसणाऱ्या म्हाताऱ्यांनी. जा, त्यांना विचार. आजोबांनी पेले दिले, की मी चहा ओतला!"

आणि मावशी चहा ढवळायला लागली. ढवळ ढवळ ढवळ.

मावशीनं फडकं झटकलं. उंबर गडगडत गेलं. एका मुंगीनं त्याचा चावा घेतला. टुकीनं मुंगी झटकली, उंबर उचललं.

मागून आवाज आला. चीं चीं चीं चीं.

भुर्रर्र!

बागेच्या त्या टोकाला हास्यक्लब होता. तिथं आजोबा हसत होते. किती आजोबा? बारा आजोबा. प्रत्येकाच्या हातात एक रिकामा पेला. तोंडं आभाळाकडे. बाराजणांचे मिळून दात सत्तावीस.

हाः हाः हाः! होः होः होः!

विनोद काय झाला? काहीच नाही. नुसतंच हसायचं. तब्येतीला चांगलं असतं.

टुकीनं उंबर खाली ठेवलं. टुक टुक टुक!

"तात्या आजोबा, तात्या आजोबा!"

"हाः हाः! काय गं टुके, काय झालं?"

"ढोलीत पिल्लू,
ढोलीवर पाटी,
पाटीला खिळा.
केरबा खिळा उपटेना,
रंगारी शिडी सोडेना,
मावशी चहा ओतेना.
पिल्लू माझं भुकेलं, आजोबा, पिल्लू माझं भुकेलं!

पेले द्या ना!"

"हाः हाः हाः!" सगळे आजोबा हसले.

"हसता काय? पिल्लू भुकेलं आहे!"

"होः होः होः!" सगळे आणखी हसले.

तात्यांनी छातीवर हात ठेवला. डोळ्यांतलं पाणी पुसलं. हसून आलेलं पाणी होतं ते.

"पक्ष्यांवर माझा भारी जीव! हाः हाः! माझी ना नाही. पण हसणं मधेच थांबवलं, तर पोटात गोळा येतो. शिट्टी वाजली, की थांबायचं, असा आमचा नियम. आमची शिट्टी नेली फाटकावरच्या रेवाताईनं. तिनं शिट्टी फुंकली, की आम्ही पेले दिले! होः होः!"

आणि आजोबांनी पाय आपटले. धप धप धप.

एका पायाखाली उंबर चेपलं. पचक! टुकीनं चेपलेलं उंबर उचललं.

मागून आवाज आला. चीं चीं चीं.

ऐकू कसा आला, एवढ्या हसण्यात? आईला येतो. विचारा आईला.

भुर्रर्र!

बागेच्या फाटकापुढे रस्ता. रस्त्यावर सायकली. ट्रिंग ट्रिंग. धप्प. ट्रिंग ट्रिंग. धप्प.

मधोमध उभी रेवाताई. डोक्याला शिरस्त्राण. तोंडात शिट्टी. एक हात वर. 'थांबा!'

तिच्यापुढे एक गाडी. लांबलचक. काळी कुळकुळीत. रविवारी गाड्या बंद ना? बंदच. ही बंद गाडी चालू होती. घुर्रर्र घुर्रर्र.

टुकीनं उंबर खाली ठेवलं. टुक टुक टुक!

"रेवाताई, रेवाताई!"

"काय गं टुके, काय झालं? लवकर बोल, माझा हात भरून आलाय."

"ढोलीत पिल्लू,
ढोलीवर पाटी,
पाटीला खिळा.
केरबा खिळा उपटेना,
रंगारी शिडी सोडेना,
मावशी चहा ओतेना,
आजोबा पेले देईनात.
पिल्लू माझं भुकेलं, ताई, पिल्लू माझं भुकेलं!

बागेत ये ना! शिट्टी फुंक ना!"

रेवाताईनं दुसरा हात छातीवर ठेवला.

"पक्ष्यांवर माझा भारी जीव! माझी ना नाही. पण मी इथून हलले, की ही गाडी घुसली! मग सायकलींचं काय? ही गाडी मागं सरली, की मी शिट्टी फुंकली!"

आणि रेवाताईनं आणखी डोळे वटारले. गाडीनं नाही वटारले. गाडीचे दिवे नुसते बघत राहिले.

एक सायकल उंबरावरून गेली. ट्रिंग! उंबराचे झाले दोन तुकडे. एक चाकाला चिकटून गेला. एक उरला. टुकीनं अर्धं उंबर उचललं.

मागून आवाज आला. चीं चीं.

भुर्रर्र! नाही, भुर्रर्र नाही. टुकी दमली होती. टुणुक टुणुक.

गाडीत पुढे बसला होता जनूकाका. तो गाडी चालवायचा. गाडीच्या मागच्या काचेवर चिठ्ठी होती. 'धूर कमी, आयुष्य हमी.' चिठ्ठीखालून धूर येत होता. भस् भस् भस्.

टुकीनं अर्धं उंबर आरशावर ठेवलं. टुक टुक टुक!

"जनूकाका, जनूकाका!"

"काय गं टुके, काय झालं?"

"ढोलीत पिल्लू,
ढोलीवर पाटी,
पाटीला खिळा.
केरबा खिळा उपटेना,
रंगारी शिडी सोडेना,
मावशी चहा ओतेना,
आजोबा पेले देईनात,
ताई शिट्टी फुंकेना.
पिल्लू माझं भुकेलं, काका, पिल्लू माझं भुकेलं!

गाडी मागं घे ना!"

जनूकाकानं छातीवर हात ठेवला. मग हळूच मागे पाहिलं. मग हळूच बोलला.

"पक्ष्यांवर माझा भारी जीव! माझी ना नाही. पण मागे साहेब बसलेत. साहेब बसले, की गाडी पुढेच जाते. मागं जात नाही. साहेब खाली उतरले, की मी गाडी मागं घेतली!"

"मग त्यांना सांग ना, उतरा म्हणून."

"मी सांगू? साहेबांना?" जनूकाका हसला. बागेतल्या आजोबांसारखा नाही हसला. वेगळाच हसला.

मागून आवाज आला. चीं.

एकच.

टुणुक टुणुक. टुकी मागच्या काचेपाशी गेली. काच बंद. टक टक टक. काच खाली आली. किती? चार बोटं.

आत गारेगार हवा. मोठे साहेब बसलेले. डोक्यावर हिरवी टोपी. मांडीवर भाषणाचा कागद. शेजारी एक फोटोवाला.

टुकीनं अर्धं उंबर काचेच्या कडेवर ठेवलं. टुक टुक टुक!

"साहेब, साहेब!"

"कोण आहे? काय झालं?"

"ढोलीत पिल्लू,
ढोलीवर पाटी,
पाटीला खिळा.
केरबा खिळा उपटेना,
रंगारी शिडी सोडेना,
मावशी चहा ओतेना,
आजोबा पेले देईनात,
ताई शिट्टी फुंकेना,
गाडी मागं सरेना.
पिल्लू माझं भुकेलं, साहेब, पिल्लू माझं भुकेलं!

खाली उतरा ना!"

साहेबांनी छातीवर हात ठेवला. दोन्ही ठेवले. साहेबच ते.

"पक्ष्यांवर माझा भारी जीव! माझी ना नाही. पण आधी पक्षी हवा."

"पक्षी?"

"आज त्या पाटीपाशी माझा फोटो आहे. फोटोत पक्षी नको का? प्लॅस्टिकचा पोपट आणला होता. त्या शिट्टीवालीनं जप्त केला. म्हणे प्लॅस्टिक बंद! कुणी केला हा नियम?"

"तुम्हीच केला, साहेब," फोटोवाला म्हणाला.

"हो का? छान नियम आहे. पण आता पक्षी मिळाल्याशिवाय मी उतरणार नाही. उन्हात उगाच कोण उतरेल?"

"साहेब, मी पक्षी," टुकी म्हणाली.

साहेबांनी वर पाहिलं. खाली पाहिलं.

"कुठाय?"

"ही काय. तुमच्या काचेवर."

"ही? ही तर मुठीएवढी!"

"चालेल, साहेब," फोटोवाला म्हणाला. "हिरवी आहे. टोपीला शोभते. ए बाई, टोपीवर बस."

टुकी टोपीवर बसली. अर्धं उंबर पायात धरलं.

"ते उंबर टाक. फोटोत घाण दिसतं."

टुकीनं उंबर टाकलं नाही. पायात आणखी घट्ट धरलं.

"बरं, राहू दे. आता हस."

"पिल्लू भुकेलं आहे."

"ते नंतर. आधी हस."

टुकीनं कान दिला. मागून आवाज येतो का?

आला नाही.

टुकीनं चोच उघडली. तिला रडायचं होतं. रडायलासुद्धा आवाज फुटला नाही. चोच नुसती उघडी राहिली.

"वा!" फोटोवाला म्हणाला. "काय गोड हसते! साहेब, पक्षी मिळाला. पण गाडीत अंधार आहे. उतरा आता."

आणि मग काय झालं?

साहेब खाली उतरले. डुलत डुलत.

गाडी मागं सरली. घुर्रर्र!

ताईनं शिट्टी फुंकली. फुर्रर्र!

आजोबांनी हसणं थांबवलं, पेले दिले. खळ्ळ खळ्ळ!

मावशीनं चहा ओतला. सुर्रर्र!

रंगारी खाली उतरला, शिडी सोडली. धाड!

केरबानं शिडी लावली. पक्कड घेतली. चढला. एक पायरी. दोन पायऱ्या. तीन पायऱ्या. पक्कड खिळ्याला लावली.

"थांब!"

कोण ओरडलं? साहेब ओरडले.

"पाटी काढतोस? अरे, पाटीखालीच तर फोटो आहे! हात खाली घे."

केरबानं हात खाली घेतला.

साहेब पाटीखाली उभे राहिले. टोपीवर टुकी. समोर फोटोवाला. मागं मावशी, आजोबा, ताई, गुलाबमामा, जनूकाका. सगळे चहा पिऊन फोटोत यायला उभे.

"कुणी हलू नका," फोटोवाला म्हणाला. "कुणी बोलू नका."

कुणी हललं नाही. कुणी बोललं नाही.

गाडी बंद होती. शिट्टी थांबली होती. हसणं संपलं होतं. चहासुद्धा उकळत नव्हता. हिरवेनगर असं गप्प कधी झालंच नव्हतं.

श् श् श्.

तुम्हीही गप्प बसा. अगदी गप्प.

आणि पाटीमागून आवाज आला. इवलासा. धाग्याएवढा.

"चीं."

सगळ्यांनी ऐकलं.

आजोबांनी पेले खाली ठेवले. मावशीनं पदर तोंडाला लावला. साहेब म्हणाले, "काय आहे ते? खिळा कुरकुरतोय का?"

केरबाचे कान लाल झाले.

"सकाळी मलाही असंच वाटलं होतं, साहेब."

त्यानं पक्कड पुन्हा उचलली.

"मी थांब म्हटलं ना!"

"पाटी तुमची आहे, साहेब. पण खिळा मी ठोकलाय. मी ठोकलेला खिळा मीच काढणार."

कर्रर्र... कर्रर्र... टण्ण!

खिळा निघाला. पाटी घसरली. पत्रा चांगलाच तापला होता. साहेबांनी तो हातात झेलला. हाय हाय! हुय हुय! लगेच भाषणाच्या कागदात गुंडाळला.

आणि ढोली उघडी झाली. गोल गोल, काळी काळी.

भुर्रर्र! टुकी आत.

आत पिल्लू पडलं होतं. मान एका बाजूला. तोंड मिटलेलं. ते तोंड कधी मिटत नव्हतं ना? आज मिटलं होतं.

टुकीनं अर्धं उंबर त्याच्या चोचीला लावलं.

पिल्लू हललं नाही.

टुकी हळूच म्हणाली. टुक.

पिल्लू हललं नाही.

टुक टुक.

एक डोळा उघडला. एवढासा.

टुक टुक टुक!

तोंड उघडलं. हे एवढं मोठं!

गट्टम!

ओलं उंबर, हिरवं उंबर, मुंगीनं चावलेलं, आजोबांनी चेपलेलं, सायकलीनं तोडलेलं, अर्धं उंबर. एका घासात गेलं.

"चीं! चीं चीं! चीं चीं चीं चीं चीं चीं चीं!"

खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात कुणी वाजवल्या? ज्यांनी सगळ्यांत उशीर केला, त्यांनी.

"मी म्हटलंच होतं, माझी ना नाही!" मावशी म्हणाली.

"माझी कधीच नव्हती!" गुलाबमामा म्हणाला.

"हाः हाः!" तात्या म्हणाले. पण का कोण जाणे, पुढचं हसू आलं नाही.

केरबा शिडीवरच बसून राहिला. हातात वाकडा खिळा.

साहेबांनी टोपी सरळ केली. पाटी छातीशी धरली. आता ती गार झाली होती. 'पक्षी वाचवा.' अक्षरं फोटोवाल्याकडे केली.

खच्याक! फोटो निघाला.

साहेबांनी मान वर केली. मोठ्ठ्यानं बोलले. अख्ख्या हिरवेनगरला ऐकू जाईल, असं.

"बघितलंत? आम्ही पक्षी वाचवला!"

टुकीनं ढोलीतून मान बाहेर काढली.

"कुणापासून, साहेब?"